मातंग म्हणून दाखवलेली टेकडी

आधी कबुली देऊन टाकते. हंपीहून परत आल्यावर आईचा उजवा गुडघा तीन आठवडे सुजलेला होता आणि त्याला मी जबाबदार आहे. भाऊ हे मला पहिल्या दिवशी म्हणाला, मग फोनवर म्हणाला, मग दिवाळीत सगळ्यांसमोर फराळाची ताटली हातात धरून म्हणाला. मी प्रत्येक वेळी "हो" म्हटलं. "पुन्हा असं करू नकोस" यावर मात्र मी एकदाही "हो" म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही. का, ते सांगते.

मी खडकीच्या एका कारखान्यात स्टोअर्सला आहे. माल आला की यादीशी ताडून घ्यायचा, कमी असेल तर तसा शेरा मारायचा, एकाच्या जागी दुसरा आला तर गाडीतून उतरवूनच घ्यायचा नाही. वीसेक वर्षं हेच केलं की माणूस घरीही तसाच होतो. माझ्याकडे वाण्याची यादी असते, औषधांची असते, सहलीला कुणाला काय चालत नाही याचीही असते. लोक हसतात, आणि सहलीच्या दिवशी मलाच विचारतात, "अहो, माझी गोळी कुठल्या बॅगेत ठेवली होती?"

सहली मीच काढते. वर्षातून एक, आमच्या सेक्शनच्या बायकांची. देवदर्शनाची नव्हे, पडकी देवळं बघण्याची. पहिल्या वर्षी आम्ही एका ट्रॅव्हल कंपनीच्या बसने गेलो होतो. त्या बसने पट्टदकलला वीस मिनिटं दिली आणि साड्यांच्या दुकानात दीड तास. दुसऱ्या वर्षापासून मी कंपनी बंद केली. गाडी आपली, वेळ आपला, गाइड आपण जागेवर जाऊन निवडायचा.

ही निवड शिकायला मला तीन सहली लागल्या. अशा गावी उतरलात की पाच मिनिटांत तीन माणसं तुमच्या बॅगेला हात घालतात. एक रिक्षावाला, एक लॉजवाला, एक गाइड, आणि पुष्कळदा तिघे एकमेकांचे मेहुणे असतात. कुणालाच लगेच हो म्हणायचं नाही. आधी बसून चहा प्यायचा. मग गाइडला तीन प्रश्न विचारायचे. आज काय बंद आहे? दुपारी बारा वाजता सावली कुठे असते? बायकांची सोय कुठे आहे? ही उत्तरं ज्याला पाठ, तो त्या दगडांतून रोज पायी फिरतो. राजांची नावं काय, पुस्तकातही असतात. रिक्षा दिवसभरासाठी ठरवावी, पण कुठे थांबायचं ते आपण सांगावं, नाहीतर तुमच्या यादीत त्याच्या मावसभावाचं दुकान शिरतं.

शेवटी एक चौथा प्रश्न. एखाद्या खांबाकडे बोट दाखवून विचारायचं, "हा ज्याने घडवला त्या कारागिराचं नाव काय?" जो तिथल्या तिथे नाव सांगतो त्याला नमस्कार करून पुढे जायचं. हंपीच्या पहिल्या फेरीत मी पाच जणांना हे विचारलं. चौघांनी चार नावं सांगितली. पाचवा, पन्नाशी उलटलेला, गळ्यात ओळखपत्र, काखेत काळी छत्री, खांबाकडे बघून म्हणाला, "माहीत नाही, मॅडम. कुणालाच माहीत नाही." त्याला घेतला. पुण्या-कोल्हापूरच्या माणसांना फिरवून फिरवून त्याचं मराठी तयार झालेलं होतं. दोन दिवसांत तो अकरा वेळा "माहीत नाही" म्हणाला आणि बाकी जे जे म्हणाला ते मी घरी येऊन पुस्तकात पडताळलं. सगळं बरोबर होतं. त्याचा मोबाइल नंबर मी यादीत चढवला.

आता आई. ती त्या वेळी एकाहत्तर वर्षांची होती. पालिकेच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेली. विजयनगरचा धडा आला की ती मुलांना पुस्तकं मिटायला लावायची आणि फळ्यावर नकाशा काढायची. वरच्या अंगाला निळ्या खडूने तुंगभद्रा, पिवळ्याने देवळं. डावीकडे विरूपाक्षाचं देऊळ, तिथून निघणारा बाजाराचा रस्ता, उजवीकडे विठ्ठल मंदिर, आणि या सगळ्याच्या मध्ये मातंग नावाचा डोंगर. "याच्यावर उभं राहिलं की राजधानी तळहातासारखी दिसते," असं ती सांगायची. मीही त्या वर्गात बसलेली आहे. आई हे इतक्या खात्रीने सांगायची की ती दर सुट्टीत तिथे जाऊन येत असावी असं मुलांना वाटायचं. प्रत्यक्षात ती सोलापूरच्या पलीकडे कधी गेली नव्हती. आधी तिच्या सासूबाईंचं आजारपण, मग आमची शिक्षणं, मग वडिलांचं हृदय.

वडील गेल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी सहलीची यादी करत बसले होते. आई भाजी निवडत होती.

"या वर्षी मला ने," ती म्हणाली. "बायकांबरोबर नको, त्या फार बोलतात. आपण दोघीच. मला मातंगावर जायचंय."

"तिथे काय आहे?"

"काही नाही. वरून बघायचंय, मी काढत होते तो नकाशा बरोबर होता का."

एवढंच. तिला तिथे नवस फेडायचा नव्हता, की फोटो काढायचा नव्हता. तीस वर्षं जे शिकवलं ते खरं होतं की नाही, एवढं एकदा डोळ्यांनी बघून यायचं होतं.

भाऊ हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. रविवारी तो लॅपटॉप घेऊन आला. तेव्हा हे उपग्रहाचे फोटो नवीनच निघाले होते आणि जो तो आपलं छप्पर शोधत होता. त्याने आम्हाला बिबवेवाडीतली आमची गच्ची दाखवली. टाकीसुद्धा दिसली. मग त्याने हंपी काढलं. तिथे तपकिरी डागावर एक हिरवट डाग होता.

"हे अजून स्पष्ट नाहीये, आई. पण होईल. काही महिने थांब, घरबसल्या सगळं वरून दाखवतो. कशाला दगडांत जायचंस?"

"मी थांबते रे," आई म्हणाली. "गुडघा थांबणार आहे का?"

गुडघ्याचं म्हणणं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, की चढउतार टाळा. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. आई दिवसातून दोनदा दूध आणि भाजीसाठी ते जिने करत होती. त्याबद्दल कुणी बैठक बोलावली नव्हती.

आई चहा टाकायला आत गेली तेव्हा भाऊ आवाज खाली आणून म्हणाला, "तू नेणारच आहेस, तुला कोण अडवणार. पण डोंगरावर चढवायचं नाही. शब्द दे."

मी दिला. आई चार पावलांवर गॅसपाशी उभी होती आणि आम्ही दोघांनी तिच्या पायांचा सौदा करून टाकला. त्या वेळी मला ते व्यवहार्य वाटलं. भाऊ गप्प होतो, आईला हंपी मिळतं, फक्त यादीतली एक ओळ गळते. आणि ती ओळ गळली हे तिला कळू द्यायचं नाही, याचीही सोय माझ्या डोक्यात तयार होती. विरूपाक्षाच्या देवळालगतच हेमकूट नावाची टेकडी आहे. सोपी, पसरट, शाळेची मुलं पळत चढतात. वर देवळं आहेत, वारा आहे, खाली राजधानीचा तुकडाही दिसतो.

मी गाइडला फोन लावला. आम्ही दोघी येतोय, अमुक तारखेला, आई वयस्कर आहे, हे सगळं सांगून झाल्यावर म्हटलं, "एक करायचं. हेमकूटावर न्यायचं आणि हाच मातंग म्हणून सांगायचं."

पलीकडून आधी रिक्षाचा हॉर्न आला, मग त्याचा आवाज.

"मॅडम, डोंगराचं नाव बदलायचं?"

"एका दिवसापुरतं हो. म्हातारं माणूस आहे, समाधान होईल."

"त्यांना कळंल."

"कसं कळेल? त्या कधी आलेल्याच नाहीत."

"बघतो," तो म्हणाला.

पुण्यात "बघतो" म्हणजे नाही. तिकडे होस्पेट-हंपीला ते हो असेल असं मी धरून चालले. पाच जणांतून जो एकटा खोटं बोलला नाही म्हणून निवडला, त्यालाच मी खोटं बोलायला लावत होते, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी यादीतल्या त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि बसची तिकिटं काढली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळची परतीचीसुद्धा.

बस लोणी काळभोरला ट्रकांच्या रांगेत अडकली तेव्हा भावाचा पहिला फोन आला. "अजून फार लांब गेला नाहीत, उतरून रिक्षाने घरी या," असं तो अर्धवट चेष्टेत म्हणाला. आईने माझ्या हातातून फोन घेतला. "अरे, इथे उतरून काय बघू, ऊस?" असं म्हणून तिने फोन परत दिला आणि खिडकीची काच सरकवली.

होस्पेटला सकाळी पोचलो. तिथून हंपीला रिक्षाने. पहिला दिवस विरूपाक्षाचं देऊळ आणि बाजाराची अर्धी लांबी. आई हळू चालत होती पण थांबत नव्हती. गाइडशी तिचं लगेच जमलं. ती त्याला अहो-जाहो करून वर्गात विचारावेत तसे प्रश्न विचारायची, तो छत्री तिच्या डोक्यावर धरून उत्तर द्यायचा आणि माहीत नसेल तिथे तसं सांगायचा. "हे गृहस्थ चांगले आहेत," आई मला म्हणाली. "न येणारं उत्तर ठोकून देत नाहीत." मी पाण्याची बाटली उघडून तोंडाला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हेमकूटावर चढलो. चढलो म्हणजे चालत गेलो. उतरत्या खडकावर पाऊल नीट बसत होतं, आईला माझा हातही लागला नाही. वर एका छोट्या देवळाच्या ओट्यावर ती बसली, चष्मा पुसला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"हा मातंग?"

गाइड स्वतःच्या बुटांकडे बघत होता. "हां, अम्मा."

"फारच लवकर आला."

"तुला वाटतं तेवढी तू काही म्हातारी नाहीस," मी घाईने म्हटलं.

आईने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. ती उभी राहिली. सकाळचा सूर्य तिने उजव्या खांद्याशी घेतला आणि समोर बोट केलं. विरूपाक्षाचं उंच गोपुर अगदी पुढ्यात, जवळजवळ आमच्या पायांशी होतं.

"अहो, सूर्य या बाजूला. म्हणजे ही पूर्व. मग समोर आली उत्तर. बरोबर?"

"बरोबर, अम्मा."

"मातंगावरून विरूपाक्ष मावळतीला दिसायला हवा. लांब, बाजाराच्या त्या टोकाला. इथे तो उत्तरेला आहे आणि हाताला लागेल इतका जवळ. म्हणजे एक तर आज सूर्य चुकलाय, नाहीतर आपण."

गाइडने छत्री मिटली. तिच्या घड्या नीट केल्या, बंद लावला, आणि मग दोन्ही हात जोडले. "अम्मा, हे हेमकूट. मॅडमनी सांगितलं होतं, म्हणून. माझी चूक झाली."

"तुमची नाही," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वर्गातल्या आवाजात, फार शांतपणे विचारलं, "तुमच्या कारखान्यात एका मालाऐवजी दुसराच उतरवायला आला तर तू घेतेस का?"

"नाही."

"मग मला का देतेस?"

मी भावाचं नाव पुढे केलं, दिलेल्या शब्दाचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. ती ऐकत राहिली. सगळं झाल्यावर म्हणाली, "शब्द तुम्ही दोघांनी एकमेकांना दिलात. पाय माझे. मी कुठे होते तेव्हा?"

"चहा करत होतीस."

"तुमच्याचसाठी," ती म्हणाली आणि गाइडकडे वळली. "अहो, खरा कुठला?"

त्याने पूर्वेला हात केला. बाजाराच्या पलीकडच्या टोकाला, उजवीकडे, नुसत्या धोंड्यांचा ढीग रचल्यासारखा डोंगर होता. माथ्यावर पांढुरकं देऊळ.

"किती पायऱ्या?"

"मोजल्या नाहीत, अम्मा."

"माझ्या वयाचं कुणी तुमच्याबरोबर वर गेलंय?"

त्याने आठवून पाहिलं. "तीन जण निघाले होते. एक बाई अर्ध्यातून परत आल्या. दोघं वर गेले. त्यांतले एक उतरताना रडले, गुडघ्यानं."

"म्हणजे जाता येतं."

"जाता येतं. उतरणं वाईट."

हे असं उत्तर तिला आतापर्यंत कुणीच दिलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, भावाने नाही, मी नाही. आम्ही सगळे तिला निकाल सांगत होतो. या माणसाने तिला माहिती दिली.

दुपारभर ती लॉजवर माझ्याकडे पाठ करून पडून राहिली. चार वाजता उठून बसली आणि म्हणाली, "यादी आण." मी वही दिली. तिसऱ्या दिवसापुढे मी लिहिलं होतं: सकाळी विश्रांती, संग्रहालय, दुपारी बॅगा भरणे, संध्याकाळी बस. तिने माझ्याच पेनाने पहिल्या तीन ओळींवर आडवी रेघ मारली. मग गाइडला बोलावून घेतलं आणि आम्ही तिघे लॉजच्या ओसरीवर बसलो. त्या दिवशी माझी यादी पहिल्यांदाच कुणाला विचारून तयार झाली. तो म्हणाला, लोक सूर्योदय बघायला अंधारात चढतात, तसं जाऊ. आई म्हणाली, "सूर्योदय पुण्यातही होतो. मला उजेड हवा. पायरी दिसली पाहिजे आणि वरून नदी दिसली पाहिजे." साडेसहा ठरले. दर वीस पायऱ्यांना थांबायचं, असं मी सुचवलं. "दमले की थांबेन," आई म्हणाली. तेही मी लिहून घेतलं.

सकाळी गाइड आला तेव्हा त्याच्या हातात छत्री नव्हती. एका हातात वेताची काठी आणि डोक्यावर उलटं ठेवलेलं निळं प्लॅस्टिकचं स्टूल, चहाच्या टपरीवरून मागून आणलेलं. काठी त्याने आईला दिली. स्टूल शेवटपर्यंत त्याच्या डोक्यावर राहिलं. आई थांबली की तो ते सपाट दगड बघून ठेवायचा, हाताने हलवून बघायचा आणि मग बाजूला तोंड करून उभा राहायचा, म्हणजे तिला साडी सावरून बसता यावं.

चढ अवघड होता. तो सोपा होता असं सांगून मी माझी बाजू मजबूत करणार नाही. काही पायऱ्या गुडघ्याइतक्या उंच, काही ठिकाणी पायऱ्याच नाहीत, नुसता खडक. आई आधी डावा पाय टाकायची, मग काठी, मग उजवा पाय ओढून घ्यायची. एके ठिकाणी ती चक्क हातांवर चढली. मी मागे होते. धरायला हात पुढे करायचे आणि परत घ्यायचे, असं माझं चाललं होतं. मला भीती वाटत होती, आणि ती लपवण्याइतका दमही उरला नव्हता.

अर्ध्यावर फोन वाजला. खाली रेंज मिळत नव्हती, तिथे उंचावर ती छान होती.

"कुठे आहात?" भाऊ.

खोटं बोलणं सोपं होतं. संग्रहालय म्हटलं असतं तरी चाललं असतं. "मातंगावर," मी म्हटलं. "अर्धा झालाय."

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडला."

"वेडी आहेस का तू? आईला फोन दे."

मी फोन पुढे केला. आईने घेतला नाही, तिथूनच मोठ्याने म्हणाली, "त्याला सांग, मी चढते आहे. चढणं आणि बोलणं दोन्ही एकदम होत नाही."

"ऐकलं," भाऊ म्हणाला. मग "तिच्याकडे पाणी आहे ना?" असं विचारून त्याने फोन ठेवला.

वर पोचायला आम्हाला दोन तास लागले असतील. मी घड्याळ बघितलं नाही, हे माझ्या बाबतीत नोंद करण्यासारखं आहे. माथ्यावरच्या देवळाच्या बाजूने गाइड तिला कडेला घेऊन गेला, स्टूल ठेवलं. ती बसली नाही. काठीवर दोन्ही हात टेकून उभी राहिली.

मावळतीला विरूपाक्षाचं गोपुर, तिथून आपल्याकडे येणारा बाजाराचा लांब रस्ता. उत्तरेला नदी. आणि खाली अगदी सरळ रेषेत, फळ्यावर काढावं तसं, अच्युतरायाचं रिकामं देऊळ आणि त्याच्यासमोरची ओसाड पेठ. आई एकेक नाव घेत होती, हळू, हजेरी घेतल्यासारखी. मग तिचं बोट नदीवरून उजवीकडे सरकलं आणि थांबलं.

"विठ्ठल मंदिर कुठे?"

गाइडने ईशान्येला दाखवलं. धोंड्यांच्या रांगेपलीकडे, नदीने जिथे वळण घेतलं होतं तिथे, लांब.

"आणि बाजाराचा रस्ता तिकडे कसा जातो?"

"जात नाही, अम्मा. बाजार खाली त्या मोठ्या दगडी नंदीपाशी संपला. पुढं डोंगर आहे. तिथून नदीकाठानं पायवाट, वळून वळून."

मी पाण्याची बाटली पुढे केली, तिने ती बाजूला सारली.

"मी सरळ रस्ता काढत होते," ती म्हणाली. "विरूपाक्षापासून विठ्ठलापर्यंत एक रेघ. पट्टी लावून. आणि नदी पण सरळ. तीस वर्षं."

"आई, सातवीच्या मुलांना काय फरक पडतो?"

"मला पडतो."

ती चिडली होती, पण आमच्यावर नाही. मग एकदम तिला हसू आलं. "दरवर्षी एक तरी कार्टं विचारायचं, 'बाई, मधला डोंगर रस्त्यात येत नाही का?' आणि मी त्याला गप्प बसवायचे." तिने गाइडला विचारलं, "अहो, हे तुम्हाला माहीत होतं?"

"अम्मा, मी त्याच वाटेनं रोज जातो."

"मग बरोबर," आई म्हणाली आणि आता कुठे स्टुलावर बसली.

उतरणं वाईट, असं तो म्हणाला होता. ते खरं होतं. शेवटी आई बसूनच उतरायला लागली. एक पायरी, मग पुढची, पदर कमरेला खोचून. आम्हाला वर येणारा एक मराठी गट भेटला. पांढरेशुभ्र बूट, गळ्यात कॅमेरे. पुढचे गृहस्थ थांबून मला म्हणाले, "काय हो, या वयाच्या माणसाला कशाला आणता इथे?"

मी तोंड उघडलं होतं. आईने खालच्या पायरीवरून विचारलं, "आपण वर जाऊन आलात?"

"नाही, आत्ता चाललोय."

"मग आधी जाऊन या. आणि वर गेल्यावर विठ्ठल मंदिर ईशान्येला शोधा, रस्त्याच्या टोकाला शोधू नका. नाहीतर चुकाल. बरेच जण चुकतात."

पायथ्याशी सावलीत पोचलो तेव्हा तिचा गुडघा फुगलेला उघड दिसत होता. माझ्या हिशेबाने काम संपलं होतं. जे बघायचं ते बघून झालं, आता लॉज, गरम पाणी, मलम, संध्याकाळी बस. आई मात्र गाइडला विचारत होती, "ती नदीकाठची वाट कुठून सुरू होते? मी ज्याच्या जागी सरळ रेघ काढत होते तो रस्ता चालून बघायचाय."

गाइडने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"अम्माला विचारतोय," तो म्हणाला, जणू मीच काही बोलले होते. "रिक्षा लांबून फिरून जाते. ही वाट पायीच. चढ कमी हाय, पण दगड हायेत. आत्ता ऊन चढंल. तुमचा पाय तुम्ही बघा."

आईने साडी जरा वर घेऊन गुडघा दोन्ही हातांनी चाचपला. दाबून पाहिला, हलकेच वाकवून पाहिला. तिच्या चेहऱ्यावर दुखणं स्पष्ट दिसलं आणि तिने ते लपवलंही नाही. मी जिभेवर आलेलं "आज नको" दातांखाली धरून ठेवलं.

"आज नाही," ती म्हणाली. "आज रात्री शेकते. उद्या सकाळी जाऊ."

उद्या सकाळी आम्ही पुण्यात असणार होतो. सोमवारी मला स्टोअर्सला माल उतरवून घ्यायचा होता, भाऊ स्वारगेटला गाडी घेऊन येणार होता. मी पर्समधून फोन काढला, होस्पेटच्या बस ऑफिसचा नंबर लावला आणि तिकिटं एक दिवस पुढे ढकलायला सांगितली. त्यानंतर भावाला लावला.